पानशेतचा पोवाडा: पट्टीपासून वाटणीपर्यंत

पोवाड्याचा पहिला शब्द कागदावर येण्याआधी आम्ही पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, ठरवून टाकली. कवी मंडळींना हे उलटं वाटतं. पण शाहिराचा गळा कुठे खुलतो आणि कुठे फाटतो हे माहीत नसताना लिहिलेली ओळ तालमीत पाडावीच लागते, मग ती कितीही चांगली असो.

विषय होता १२ जुलै १९६१ चा, पानशेतचं धरण फुटून पुण्यात आलेला पूर. गळे दोन: शाहीर काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी हा षड्ज) गाणारा आणि जोडीला काळी पाचमध्ये मोकळी होणारी गायिका. अशा वेळी मधली एखादी पट्टी घ्यायचा मोह होतो. समजा पांढरी पाच घेतली, तर तो वरच्या सुरांवर ओरडतो आणि ती खाली पुटपुटते, म्हणजे दोघांचंही नुकसान. त्यापेक्षा सोपी वाट अशी की काळी दोनचा पंचम म्हणजेच काळी पाच. तुणतुणं काळी दोनलाच ठेवायचं आणि गायिकेनं आपल्या कडव्यांपुरता पंचमाला षड्ज मानायचं. तिच्या हिशेबानं तुणतुणं मग शुद्ध मध्यमावर वाजत राहतं, ते कानाला चालतं. एकच पथ्य: तिच्या चालीत तीव्र मध्यम नको. तो आला की तुणतुण्याशी कचकच होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं बाई बेसूर झाली. गिटारवाल्यालाही ही जोडी सोयीची पडते. गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की शाहिराच्या कडव्यांना डीचे आकार धरायचे आणि गायिकेच्या कडव्यांना एचे. मध्ये कॅपो हलवावा लागत नाही.

पेटीचं मात्र आधी तपासून घ्यावं. जुन्या पेट्यांचे सूर ४४० हर्ट्झच्या आजच्या प्रमाणाला असतीलच असं नाही. पेटी जरा चढी असली आणि बाकी सगळे मोबाईलच्या ट्यूनरवर मिळवून बसले, तर तालमीचा पहिला तास "कोण चुकतंय" यातच जातो. पेटीचे सूर तिथल्या तिथे बदलता येत नाहीत, त्यामुळे आम्ही पेटीला प्रमाण मानतो आणि ट्यूनरचा आकडा तिच्याप्रमाणे बदलून घेतो.

मग मजकूर. पूर पाहिलेली माणसं आज सत्तरीच्या पुढची आहेत, म्हणजे तेव्हा ती शाळकरी पोरं होती. त्यांना "तेव्हा कसं वाटलं" असं विचारू नये. उत्तर वर्तमानपत्री येतं. काय दिसलं, काय ऐकू आलं, घर सोडताना हातात काय होतं, पाणी ओसरल्यावर पहिल्यांदा काय धुतलं, असं विचारावं. या प्रश्नांतून चिखलाचा वास, भिजलेलं धान्य, गच्चीवरून मारलेल्या हाका, असं गाण्यात बसणारं सामान मिळतं. रेकॉर्डिंग फोनवर केलं तरी चालतं, फक्त पंखा बंद करून आणि फोन टेबलावर न ठेवता. टेबलाला हात लागला की प्रत्येक धक्का आवाजात उतरतो.

आठवण आणि तारीख यांची गाठ घालणं हे निराळं काम. बहुतेक सगळे सांगतात, "आषाढातला पूर." आम्हीही पहिल्या कडव्यात आषाढच धरला होता, कारण तो शब्द चालीत छान बसतो. पण त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता, त्यामुळे १२ जुलैला निज ज्येष्ठ अमावास्या पडते आणि आषाढ दुसऱ्या दिवशी लागतो. वार बुधवार. पुण्यात पंचांग उघडून बघणारा श्रोता पहिल्याच रांगेत असतो, हे गृहीत धरून कडवं असं झालं:

सन एकसष्ट सालाला, जेठाची अवस आली,
अंबीच्या काठची माती रातीत ओली झाली, जी रं जी

"ज्येष्ठ"चं "जेठ" केलं ते गावरान दिसावं म्हणून नाही. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, जोडाक्षर आलं की जीभ अडखळते आणि ढोलकीची थाप शब्दाच्या पुढे निघून जाते. अंबी म्हणजे पानशेतचं धरण जिच्यावर आहे ती नदी. मातीचं, अजून पुरतं न झालेलं धरण, आत भरत चाललेलं पाणी, रात्रभर वाळूची पोती रचणारे जवान, सकाळी फुटलेली भिंत, मग खाली खडकवासल्याची भिंत गेली आणि लोंढा मुठेतून शहरात शिरला: घटनेचा हा क्रम तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून पक्का करून घेतला. मेलेल्यांचा आकडा गाण्यात घातला नाही. निरनिराळ्या ठिकाणी तो निरनिराळा सापडतो, आणि एकदा पोवाड्यात गेलेला आकडा लोक पुरावा म्हणून वापरू लागतात. घरच्यांनी होकार दिल्याशिवाय मृतांची नावंही घेतली नाहीत.

लांबी बारा मिनिटांची धरली. मध्य लयीत चार ओळींचं कडवं झिलीसकट (मागच्या साथीदारांनी ओळ उचलून म्हणण्यासकट) पाऊण मिनिट घेतं. म्हणजे दहा कडव्यांना साडेसात मिनिटं, नमनाला एक, कटावाला एक, उरलेल्या वेळात गद्य. गद्य निवेदन फुकट भरती नसतं; शाहिराला तेवढाच दम मिळतो आणि ढोलकीवाल्याला चाट, म्हणजे ढोलकीचं चढ्या आवाजाचं तोंड, आवळायला वेळ. ते काढून टाकून सगळं गाऊन सांगायचा हट्ट केला की आठव्या कडव्यापाशी गळा बसलेला ऐकू येतो.

कटाव म्हणजे जलद लयीत नावांची, वस्तूंची रांग. इथे आम्ही पाणी जसं गेलं तशीच ठिकाणं लावली: खडकवासला, विठ्ठलवाडी, एरंडवणे, डेक्कन, लकडी पूल, नारायण, शनिवार, कसबा, मंगळवार, संगम. यमकासाठी कसबा आधी आणि नारायण पेठ नंतर घेतली असती तर ओळ गोड झाली असती, पण पेठेतला माणूस तिथल्या तिथे उठून सांगेल की पाणी उलटं कधी चढलं! क्रम भूगोलाचा ठेवला आणि यमक आतल्या आत जुळवलं.

चढ्या सुरावर अक्षरातला कोणता स्वर (आ, ई, ऊ) येतो, याकडे लिहिणाऱ्यांचं लक्ष नसतं. मूळ ओळ होती, "खडकवासला धरणाची भिंत फुटली." वाचायला ठीक. पण चालीत "फुटली"चा "ली" तार गंधारावर येत होता, आणि वर गेलेला ईकार दातांत अडकतो. शाहीर ताकद लावतो तितका आवाज बारीक होतो. वरच्या सुरावर आकार हवा. ती ओळ फिरवून "भिंतीला पडलं भगदाड, पाणी मोकाट जी रं" अशी केली. आता "दा" हवा तितका लांबवता येतो, आणि "मोकाट" हा शब्द झीलकऱ्यांनी उचलायला मोकळा मिळतो. पूर्ण पोवाड्यात अशा सात-आठ जागा निघतात. त्या कागदावर कधीच दिसत नाहीत, उभं राहून पूर्ण आवाजात गायल्यावरच कळतात. बसून गुणगुणत चाल बांधणाऱ्यांची गाणी रंगमंचावर पडतात, त्याचं कारण हेच.

झीलकरी तीन. ते काय म्हणतात यापेक्षा कधी थांबतात हे महत्त्वाचं. शाहिराच्या ओळीचा शेवटचा तुकडा उचलून "जी जी रं जी जी" म्हणायचं आणि त्यातच शाहिराला श्वास द्यायचा. आठ मात्रांच्या केरव्यात झिलीला पूर्ण आवर्तन हवं. शाहीर भरात आला की सहाव्या मात्रेलाच पुढची ओळ घेतो. मग झिलीचा शेवट आणि ओळीचा पहिला शब्द एकमेकांवर पडतात आणि श्रोत्याला दोन्ही कळत नाहीत. तालमीत ढोलकीवाल्यानं हात थांबवून सांगितलं, "शाहीर, दोन मात्रा सोडा की आम्हाला. पाणी काय पळून जात नाही." ते कडवं तेव्हापासून बसलं. झीलकऱ्यांनी श्वास एकदम घेऊ नये, एकानं आधी आणि दोघांनी नंतर घ्यावा, म्हणजे सूर तुटत नाही.

आता वाद्यं. डफ बकऱ्याच्या कातड्याचा असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेत तो तासाभरात उतरतो आणि थाप "धप" येते, "धण्ण" येत नाही. शेकायला वर्तमानपत्राचा कागद पेटवून त्याच्या ज्वाळेपासून हातभर वर डफ गोल फिरवत ठेवायचा, थांबवायचा नाही. मधूनमधून बोटानं ठोकून बघायचं. आवाज कोरडा आणि चढा झाला की बास. एका जागी उष्णता लागली तर तिथे कातडं आखडतं आणि पुढे काठाशी चीर पडते. सभागृहात आग चालत नाही, तिथे हेअर ड्रायर घेऊन जातो. प्लास्टिकच्या पानाचा डफ हवेला दाद देत नाही, पण त्याच्या आवाजात पोट नसतं. भर पावसाच्या प्रयोगाला आम्ही तो पिशवीत ठेवतो, रेकॉर्डिंगला कधीच नाही.

ढोलकी आमच्याकडे संगीतबारीत वाजवलेल्या हाताची आहे. त्या हाताला दुहेरी-तिहेरी बोल सहज येतात. अडचण उलटी, हात आवरायला सांगावं लागतं. लावणीत ढोलकी नाचणारीच्या पायांशी बोलते, पोवाड्यात तिनं शब्दांना वाट करून द्यायची. आम्ही ठरवलं ते असं: ओळ चालू असताना साधा ठेका, झिलीत भरणा, आणि तोडा फक्त चौक (कडव्यांचा एक गट) संपताना. चाटेचं तोंड जितकं लहान तितकी ढोलकी चढी मिळते, म्हणून काळी दोनला मोठ्या तोंडाची वेगळी ढोलकी लागते. लावणीची चढी ढोलकी ओढून खाली आणली तर शाई मरते, आवाज बद्द येतो. धुमेच्या, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या तोंडाच्या, आतला मसाला थंडीत कडक होतो, प्रयोगाआधी तळव्यानं दाबत फिरवून तो मऊ करून घ्यावा लागतो. नाहीतर घुमका निघत नाही.

संबळ गोंधळी घराण्यातल्या वादकाचा. त्याला फक्त दोन ठिकाणी ठेवलं, नमनात आणि धरण फुटतं तिथे. सबंध बारा मिनिटं संबळ वाजला की फुटण्याला काही उरत नाही. तुणतुण्याला एकच तार. ती पोवाडाभर हळूहळू उतरत जाते, म्हणून दुसऱ्या गद्यात तुणतुणेवाल्यानं खुंटी पिळून घ्यायची हे संहितेतच लिहून ठेवलं आहे.

लय मिनिटाला ८८ ठोक्यांवर सुरू होते, मधल्या चौकांत १०४, कटावाला १२६ आणि शेवटचं कडवं पुन्हा खाली. रेकॉर्डिंगच्या वेळी हीच लय अडचणीची ठरते. एका ठोक क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यावर) पोवाडा गायला की तो शाळेच्या कवितेसारखा लागतो. क्लिक अजिबात न घेता गायला तर नंतर गिटार आणि संबळ जोडता येत नाहीत. आम्ही तालमीतला एक पूर्ण प्रयोग फोनवर घेतला, त्यातली लय चौकाचौकाला मोजली आणि स्टुडिओत क्लिकचा तसाच चढता नकाशा बनवून घेतला. ढोलकी, तुणतुणं आणि शाहिराचा कच्चा आवाज एकदम घ्यायचा. तुणतुणं एकटं वेगळं घेतलं तर ते क्लिकला चिकटतं आणि निर्जीव होतं.

घेतलेली मापं सांगतो, कारण स्टुडिओतल्या मुलांना ही वाद्यं सवयीची नसतात. फाईल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. चाटेवर कंडेन्सर माइक वीतभर अंतरावर तिरका, धुमेवर डायनॅमिक माइक चार-पाच बोटांवर; मग दोन्हींचा फेज तपासायचा, नाहीतर धूम अर्धी गायब होते. डफावर माइक दीड-दोन फूट लांब, जवळ नेला की नुसता घुमतो. झीलकरी तिघे एकाच माइकभोवती अर्धगोलात, साधारण हातभर अंतरावर, आणि दुसऱ्यांदा रेकॉर्ड करताना जागा बदलून. तिघांनाही हेडफोन एकाच कानावर. दोन्ही कान बंद झाले की एकमेकांचं ऐकू येत नाही आणि झील खाली उतरते. चढी कडवी पहिल्या दोन तासांत उरकायची, मग कटाव, गद्य सगळ्यात शेवटी. गळा थोडा जड झालेला निवेदनाला शोभतो. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर ललकारीला लावू देऊ नका. शाहीर सुराला खालून घासत वर जातो, ते सॉफ्टवेअर तो घासच पुसून टाकतं.

मिक्स दोन करून घ्यावेत. एक ऑनलाइन सेवांसाठी, उणे १४ लफ्सच्या (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) आसपास. दुसरा मंडळांसाठी मोनो आणि खालचा आवाज कापलेला. मंडळांचे स्पीकर बास फुगवूनच लावलेले असतात, त्यात धुमेचा घुमका मिसळला की शब्द बुडतात.

रंगमंचावर शाहिराच्या डफाला वेगळा माइक देऊ नये, तो शाहिराच्याच माइकमध्ये पुरेसा येतो. ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला आदल्या दिवशी कागदावर आकृती पाठवली तर दहा मिनिटांत काम होतं, ऐनवेळी तोंडी सांगितलं तर अर्धा तास. उघड्यावरच्या प्रयोगाला पोलिसांची परवानगी आयोजकानं घ्यायची, आणि ती कागदावर बघितल्याशिवाय गाडी काढायची नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. सत्कार आणि भाषणं लांबतात आणि कात्री नेहमी पोवाड्याला लागते. आठ मिनिटांची आवृत्ती त्यामुळे वेगळी बसवून ठेवली आहे, कुठली कडवी गाळायची ते झीलकऱ्यांनाही पाठ.

तारखांचं गणित सगळ्या पथकांचं सारखंच. १९ फेब्रुवारी, मग तिथीची शिवजयंती, ११ आणि १४ एप्रिल, १ ऑगस्टची अण्णा भाऊ साठे जयंती, गणपती. चांगला ढोलकीवाला या दिवसांत तीन पथकांत वाटलेला असतो. त्याला आधी इसार द्यायचा, मग आयोजकाला होकार कळवायचा. हा क्रम उलटा केलेली पथकं आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गाताना दिसतात. पानशेतचा पोवाडा मात्र १२ जुलैच्या आसपासचा, म्हणजे पावसातला. तो सुदर्शन रंगमंच किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृहासारख्या बंदिस्त जागेतच शोभतो, तिथे माइक कमी लागतात आणि झील उघड्या आवाजात ऐकू येते.

पैशाचं पहिल्या तालमीलाच लिहून घेतलं. प्रयोगाच्या मानधनातून गाडी, चहा-जेवण, चामड्याची दुरुस्ती वजा करायची आणि उरलेल्याचे बारा वाटे: शाहीर, गायिका, ढोलकी यांना दोन-दोन, संबळ, पेटी, गिटार यांना एकेक, तिघा झीलकऱ्यांना मिळून तीन, त्यातलाच एक तुणतुणं सांभाळतो. लिहिणारा रंगमंचावर नसेल तर प्रयोगाच्या वाट्यात त्याचा हिस्सा नाही; त्याचा हक्क गाण्याच्या स्वामित्वधनात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याचे गीतकार-संगीतकार स्वामित्वधनातला आपला समान हिस्सा निर्मात्याला सोडून देऊ शकत नाहीत. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. "सगळे हक्क कायमचे" असं लिहिलेला करार समोर आला तरी ही गोष्ट लक्षात ठेवावी. गीत आणि चाल आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेकडे) नोंदवताना चाल पारंपरिक असेल तर तसं लिहावं, स्वतःचं नाव लावू नये.

जुन्या शाहिरांची ओळ घ्यायची असेल तर हिशेब सोपा आहे: कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, तीही पुढच्या जानेवारीपासून मोजायची. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेले शब्द केव्हाच मोकळे झाले. अण्णा भाऊ आणि अमर शेख १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत परवानगी लागते. वामनदादा कर्डकांसाठी २०६४. शब्द मोकळे झाले म्हणून एखाद्या कंपनीनं केलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण मोकळं होत नाही, तेही तपासावं. पारंपरिक चालीच्या गाण्यावर ऑनलाइन कॉपीराइटचा दावा लागला तर घाबरून गाणं उतरवू नका. यंत्रानं कुणाच्या तरी ढोलकीशी आपली ढोलकी जुळवलेली असते. स्वतःच्या रेकॉर्डिंगच्या सुट्या फाईली जवळ असल्या की हरकत घेता येते.

कॉलेजच्या पथकांनी हा पोवाडा मागितला तर संहिता आणि आवाज नसलेला ट्रॅक दोन्ही देतो. पट्टी बदलावी, गळे बदलावेत, संबळाऐवजी हलगी घ्यावी, आमची हरकत नाही. कटावातला ठिकाणांचा क्रम आणि पहिल्या कडव्यातली तिथी मात्र तशीच गायची, आणि आठवणी सांगणाऱ्यांचे आभार नमनाआधी मानायचे, शेवटी नाही. शेवटी टाळ्या सुरू झालेल्या असतात आणि नावं ऐकू येत नाहीत.